सुरकुत्या पुसू नका

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही वस्तीत जा. भोसरी, आकुर्डी, निगडी, दापोडी, नाहीतर तिकडे चाकण. घर दहा बाय बाराचे असो की कर्ज काढून घेतलेला फ्लॅट असो, समोरच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांचा फोटो असतोच. त्या फोटोकडे जरा निरखून पाहा, वाचकहो. पंच्याहत्तरीत गेलेल्या आजोबांचे केस काळेभोर दिसतात. जन्मभर उन्हात राबलेल्या आजीच्या गालावर एकही सुरकुती नसते. फोटो मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओवाल्याला आपणच सांगितलेले असते, "जरा तरुण करून द्या." पूर्वी हे काम ब्रशने आणि पेन्सिलीने व्हायचे, पुढे संगणकावर होऊ लागले, आता मोबाईलवर एका बोटाने होते.

आपण हे प्रेमाने करतो, यात शंका नाही. पण त्या चेहऱ्यावरून आपण नेमके काय पुसतो, याचा विचार कधी केला आहे का? तो विचार व्हावा म्हणून या वेळी एक वेगळा विषय घेतला आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपात माणसांची जी रेखाचित्रे काढली गेली, त्यांत म्हातारपण कोणत्या खुणांनी दाखवले जाई, हा तो विषय. लांबचा वाटेल, पण तो फिरून आपल्याच घरात येतो.

युरोपच्या कलेत साधारण १६०० ते १७५० या काळाला बरोक काळ म्हणतात. वेड्यावाकड्या आकाराच्या मोत्याला पोर्तुगीज भाषेत जो शब्द होता, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. जुन्या गोव्यातले बॉम जीझस चर्च १६०५ साली बांधून झाले. ज्यांनी ते आतून पाहिले आहे त्यांना या शैलीचा थाट ठाऊक आहे. त्या काळच्या चित्रकारांना उजेड आणि अंधार यांचा खेळ फार आवडे. आणि उजेड-अंधाराचा खेळ तरुण गुळगुळीत गालापेक्षा म्हाताऱ्या चेहऱ्यावर जास्त रंगतो. प्रत्येक सुरकुतीला एक उजेडाची बाजू असते आणि एक सावलीची. म्हणून त्या काळात म्हाताऱ्या माणसांची चित्रे खूप झाली.

पण तेव्हा म्हातारा माणूस चित्रात आला की बहुतेक वेळा तो एकटा येत नसे. त्याच्याबरोबर ठरलेल्या वस्तू येत. वाळूचे घड्याळ म्हणजे सरत चाललेला वेळ. विझत आलेली मेणबत्ती म्हणजे संपत आलेले आयुष्य. कवटी म्हणजे मरण. कोमेजलेले फूल, आरसा, साबणाचा फुगा, चष्मा, कुबडी, या सगळ्यांना ठरलेले अर्थ होते. चेझारे रीपा नावाच्या इटालियन लेखकाने १५९३ साली रोममध्ये एक पुस्तकच छापले. सत्य, आळस, म्हातारपण अशा न दिसणाऱ्या गोष्टी माणसाच्या रूपात कशा काढायच्या, हे त्यात सांगितले होते. १६०३ साली त्याची चित्रांसह आवृत्ती निघाली आणि १६४४ साली ते डच भाषेतही आले. चित्रकारांच्या हाती जणू गाईडच पडले.

सामान्य घरांत लावायची स्वस्त छापील चित्रेही असत. त्यांत आयुष्याचा जिना दाखवलेला असे. एका बाजूने दहा-दहा वर्षांची एकेक पायरी चढत माणूस पन्नाशीला वर पोचतो आणि दुसऱ्या बाजूने पायरी पायरी खाली उतरत जातो. म्हणजे पन्नाशीनंतर नुसता उतार! आम्ही चाळिशी ओलांडलेली माणसे, आम्हाला हा हिशेब काही पटत नाही. पण युरोपला तरी कशाला हसायचे? आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणतातच. म्हाताऱ्याला पिकले पान म्हणतात. आपल्या नाटका-सिनेमातला म्हाताराही काठी, खोकला आणि वाकलेली पाठ एवढ्यावरच ओळखला जातो.

अशा खुणांचा एक दोष आहे. त्या माणसाचे नाव, गाव, काम काहीच सांगत नाहीत. त्या पाहणाऱ्याला फक्त घाबरवतात, 'बघ, तुझेही असेच होणार.' म्हातारा माणूस म्हणजे दुसऱ्याला धडा देण्याची वस्तू होऊन बसतो.

इथे एक गोष्ट आठवते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी पहिलाच प्रश्न सिद्धार्थाच्या गृहत्यागाबद्दल विचारला आहे. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे परंपरेने सांगितले जाते. पण या रोजच्या गोष्टी एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी कधी पाहिल्याच नसतील, हे बाबासाहेबांच्या बुद्धीला पटले नाही. अगदी साधा प्रश्न आहे. घराघरांत म्हातारी माणसे असतात. त्यांच्या मांडीवर मुले वाढतात. म्हातारपण म्हणजे रस्त्यात अचानक समोर येऊन दचकवणारे दृश्य नव्हे. आमच्या मते म्हाताऱ्या माणसाच्या चित्राकडे पाहतानाही हाच प्रश्न जवळ ठेवावा. हे चित्र मला भीती दाखवते आहे, की एका माणसाची ओळख करून देते आहे?

ओळख करून देणारा एक चित्रकार त्याच बरोक काळात होऊन गेला. त्याचे नाव रेम्ब्रांट. १६०६ साली हॉलंडमधल्या लायडन गावी तो जन्मला. वडील हार्मेन हे गिरणीवाले आणि आई बेकरीवाल्याची मुलगी. म्हणजे पीठ आणि पाव यांच्या घरातला मुलगा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे ॲशमोलियन म्युझियम आहे. तिथे रेम्ब्रांटचे १६३० च्या सुमाराचे एक छोटे रेखाचित्र आहे, वहीच्या पानाएवढे. एक म्हातारा बसला आहे. डोक्याला टोपी, दाढी पांढरी, डोळे खाली झुकून जवळजवळ मिटलेले. दृष्टी गेली असावी, असे काहींना वाटते. चित्राखाली नाव लिहिले आहे ते हार्मेनचे. रेम्ब्रांटचे वडील १६३० च्या एप्रिलमध्ये गेले. मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

या चित्रात कवटी नाही, वाळूचे घड्याळ नाही, मेणबत्ती नाही. म्हातारपणाच्या खुणा आहेत, पण त्या सगळ्या माणसाच्या अंगावरच आहेत. जड झालेल्या पापण्या, खाली आलेले खांदे, आत वळलेले लक्ष. पाहणाऱ्याला भीती वाटत नाही. 'बाबा दमले आहेत, हळू बोला,' असे वाटते.

हे चित्र कशाने काढले आहे? लाल आणि काळ्या खडूने, वर तपकिरी रंगाचा पातळ हात. लाल खडू म्हणजे आपल्या गेरूच्या जातीचाच दगड. त्या काळी तपकिरी शाई लाकडाच्या धुराच्या काजळीपासूनही करत. आणि रेम्ब्रांट पुढे ज्या लेखणीने चित्रे काढू लागला ती वेताची लेखणी म्हणजे आपला बोरू. गेरू, काजळी आणि बोरू. यातली कोणती वस्तू आपल्या आजी-आजोबांच्या घरात नव्हती?

त्याच रेम्ब्रांटचे १६३१ सालचे एक रंगीत चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. म्हातारी बाई मोठे पुस्तक वाचते आहे. चेहरा सावलीत आहे. सगळा उजेड पुस्तकावर आणि पानावर ठेवलेल्या तिच्या हातावर. हाताची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी, आणि बोट ओळीवर. तिच्या वयाची खरी खूण तो हात आहे, आणि तो हात वाचतो आहे! ज्यांच्या आया उतारवयात प्रौढ साक्षरता वर्गाला गेल्या आणि ओळीखाली बोट धरून पहिली ओळ वाचायला शिकल्या, त्यांना या चित्राचा अर्थ दुसऱ्या कोणी सांगायला नको.

१६५१ साली त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून एक चित्र छापले. टोबिट नावाच्या आंधळ्या म्हाताऱ्याची ती बायबलकाळातली गोष्ट आहे. दूर गेलेला मुलगा परत आल्याची चाहूल लागते आणि म्हातारा घाईने दाराकडे निघतो. पण दार चुकते. हात पुढे चाचपडतो, वाटेतला चरखा पडलेला आहे, कुत्रा पायात घोटाळतो आहे. इथे आंधळेपण हे पापाची किंवा मरणाची खूण म्हणून येत नाही. बापाची ओढ किती आहे, हे तो चाचपडणारा हात सांगतो. दुसऱ्या पाळीहून मुलगा येईपर्यंत दाराशी बसून राहणारे बाप आपण पाहिलेले आहेत.

आता थोडे कडू बोलू. चित्रे कोणाची निघत? ज्याच्याजवळ पैसे, त्याचे चित्र नावानिशी निघे. गरीब म्हाताऱ्यांना चित्रकार नुसते नमुना म्हणून बसवत. अशा बिननावाच्या चेहऱ्यांच्या अभ्यासाला डच भाषेत ट्रोनी म्हणत. चेहरा राही, नाव जाई. हार्लेम गावी फ्रान्स हाल्स हा मोठा चित्रकार होता. १६६४ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्याने तिथल्या म्हाताऱ्या पुरुषांच्या आश्रमाच्या कारभारी मंडळींची आणि कारभारीण बायांची चित्रे काढली. तो स्वतः तेव्हा गरिबीत होता, गावच्या नगरपालिकेने त्याला वार्षिक मदत मंजूर केली होती. ही चित्रे जगप्रसिद्ध आहेत आणि त्याच आश्रमाच्या इमारतीत आज त्याच्या नावाचे म्युझियम आहे. पण चित्रांत बसले आहेत ते कारभारी. ज्यांच्यासाठी तो आश्रम होता ते म्हातारे त्या चित्रांत नाहीत. कंपनीच्या हॉलमध्ये मालकांची तैलचित्रे आणि कामगाराचा फक्त ओळखपत्रावरचा फोटो, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे म्हणायचा!

या गोष्टीला आपल्या भागाचाही एक धागा आहे. १६६० साली आपल्या चाकणच्या किल्ल्याला, म्हणजे संग्रामदुर्गाला, शाइस्तेखानाचा वेढा पडला होता. फिरंगोजी नरसाळा यांनी तो किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला. नेमक्या त्याच सुमारास, साधारण १६५६ ते १६६१ या वर्षांत, रेम्ब्रांट तिकडे ॲमस्टरडॅममध्ये बसून हिंदुस्थानातली चित्रे समोर ठेवून त्यांवरून स्वतःची रेखाचित्रे काढत होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारी सुरतेला होत्या, आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही होती. अशा व्यापारातून कापड-मसाल्याबरोबर मोगल दरबारची चित्रेही हॉलंडला पोचली. त्यांवरून रेम्ब्रांटने काढलेली वीसहून अधिक रेखाचित्रे आज शिल्लक आहेत. त्या वेळी त्याची स्थिती काय होती? १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. सरकारी माणसांनी घरातल्या सामानाची यादी केली, ३६३ नोंदींची. आम्ही जमाखर्चात आयुष्य घालवणारी माणसे, अशी यादी वाचताना आमच्या पोटात कालवते. पुढे १६५८ मध्ये घरही विकले गेले.

त्या रेखाचित्रांतले एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. झाडाखाली चार दाढीवाले ज्ञानी पुरुष बैठक घालून बसले आहेत, समोर पेले आहेत. कोणी कोणाला घाबरवत नाही, कोणी जिना उतरत नाही. चार शहाणी माणसे पारावर बसून बोलताहेत, बस्स! हे दृश्य रेम्ब्रांटच्या मनात इतके बसले की १६५६ सालच्या एका छापचित्रात त्याने बायबलमधल्या अब्राहमच्या घरचे पाहुणेही तसेच जमिनीवर अंथरलेल्या बैठकीवर बसवले. म्हातारपण म्हणजे सल्लामसलत, म्हातारपण म्हणजे पंगत आणि पाहुणचार, ही खूण त्याने आपल्याकडून नेली, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

पुढे उलटा प्रवास झाला. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. उजेड-सावलीने चेहरा उभा करण्याची युरोपची रीत तिथून महाराष्ट्रभर पसरली. गोव्यात सांगे येथे १८७० साली जन्मलेले ए. एक्स. त्रिंदाद जे. जे.मध्ये शिकले. त्यांना 'पूर्वेकडचा रेम्ब्रांट' म्हणत, त्यांची चित्रे आज पणजीत पाहायला मिळतात. आणि त्याच परंपरेची एक छोटी फांदी आपल्या मुलांपर्यंत आली आहे. ती म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत या परीक्षांना बसणारी मुले येतात. स्मरणचित्रात म्हातारा काढायला सांगितला की दहातली नऊ मुले तेच काढतात. पांढरे केस, काठी, वाकलेली पाठ. घरी बसलेल्या स्वतःच्या आजोबांकडे कोणी पाहिलेले नसते. म्हणून एकदा आम्ही सांगितले, घरी जा आणि समोर बसवून काढून आणा.

नववीतल्या एका मुलीने आपल्या आजोबांना बसवले. आजोबा १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून इकडे आले आणि एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर लागले. प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर लग्न असो की सत्कार असो, प्रत्येक फोटोत त्यांचा उजवा हात खिशात असे. नातीने हात काढायला घेतला तसे ते म्हणाले, "हात कशाला काढतेस गं बाळा? तोंड काढ की." ती म्हणाली, "आजोबा, तोंड मला नीट जमत नाही, ते कुणासारखंही दिसतंय. हात मात्र तुमचाच दिसतोय."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी हात मांडीवर उघडा ठेवला आणि बोलू लागले. कोणती पाळी होती, शेजारच्या मशीनवर कोण होते, कपड्यात हात गुंडाळून दवाखान्यात कोणी नेले. हात खिशात का घालू लागले, तेही सांगितले. बोटे नसलेला माणूस म्हणून दुसरीकडे कामाला घेणार नाहीत, ही भीती होती. काम पुढे मिळाले, मुले शिकली, पण खिशात गेलेला हात चाळीस वर्षे खिशातच राहिला. त्यांच्या मुलालाही हे सगळे ठाऊक नव्हते.

चित्र काही फार सुबक नाही. कान थोडा वर गेला आहे. पण तो हात असा उतरला आहे की पाहणारा गप्प होतो. वाळूच्या घड्याळाने जे सांगता आले नसते ते त्या तीन बोटांच्या हाताने सांगितले. हीच आपल्या पट्ट्यातल्या म्हातारपणाची खूण आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी-आकुर्डीत आणि पुढे चाकणला शेड उभ्या राहिल्या. त्या शेडमध्ये पहिल्यांदा उभी राहिलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मशीनच्या आवाजाने मंद झालेले कान, वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग, ओझ्याने एका बाजूला झुकलेला खांदा. बायांच्या तळहातावरचे घट्टे, डोक्यावर पाट्या वाहून दबलेली मान. कोणत्याही हजेरीपटात हे लिहिलेले नाही. ते त्यांच्या अंगावर लिहिलेले आहे, आणि आपण स्टुडिओत पैसे देऊन ते पुसून घेतो.

कोणी म्हणेल, आई-बापाला चांगल्या कपड्यांत दाखवू नये काय? जरूर दाखवावे. कोट-टाय आपल्याकडे मानाचा आहे, तो का मानाचा आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको. रेम्ब्रांटनेही १६६१ साली डोक्याला फेटा गुंडाळून, संत पॉलच्या वेषात स्वतःचे चित्र काढले. फेट्याखालचे कपाळ मात्र त्याने पुसले नाही, आठ्यांसकट ठेवले. कोट घालण्यासाठी चेहरा पुसावा लागत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. घरात जो मुलगा किंवा मुलगी चित्र काढते तिच्यासमोर आजीला, आजोबांना, आत्याला बसवा. मोठा खर्च नाही, एक मऊ पेन्सिल आणि एक जाड कागद. खिडकी एका बाजूला येईल असे बसवा, म्हणजे उजेड-सावली आपोआप मिळते. खास पोझ नको, नेहमी बसतात तसे बसू द्या. हातापासून सुरुवात करा. जवळ वस्तू ठेवायची तर त्यांची स्वतःची ठेवा. दोऱ्याने बांधलेला चष्मा, जेवणाचा डबा, तंबाखूची चंची, जपून ठेवलेले ईएसआयचे कार्ड. आपल्या खुणा या. आणि बसल्या बसल्या त्यांना बोलू द्या, मध्ये टोकू नका. चित्र जमत नसेल तर फोटो काढा, पण मोबाईलमधली ती चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद करून.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. कागदाच्या खालच्या कडेला पूर्ण नाव लिहा. गाव, काय काम केले, किती वर्षे केले, आणि तारीख. काढणाऱ्या मुलीचे नावही लिहा. लायडनच्या एका गिरणीवाल्याच्या चित्राखाली नाव होते, म्हणून हार्मेन जवळजवळ चारशे वर्षांनी तुमच्या-आमच्यापर्यंत पोचला. आपल्या घरातली नावे लिहायला मात्र उशीर करू नका. ती सांगणारी माणसे अजून समोर बसलेली आहेत.